लेखणी, अवजार आणि समाधानाचा प्रश्न

आपल्या समाजात लग्नाची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मुलगा कुठे आहे?" या 'कुठे'चे उत्तर बँकेत, रेल्वेत, जिल्हा परिषदेत किंवा एल.आय.सी.त असे यावे अशी अपेक्षा असते. मुलगा वायरमन आहे, गवंडीकामाचे ठेके घेतो किंवा लेथवर काम करतो असे सांगितले, तर विचारणारा क्षणभर घुटमळतो आणि पुन्हा विचारतो, "म्हणजे नोकरी नाही?" वास्तविक चांगल्या वायरमनची महिन्याची प्राप्ती नव्याने लागलेल्या लिपिकाच्या आसपास असू शकते. पण प्रश्न प्राप्तीचा नसतोच. 'काम' आणि 'नोकरी' या दोन शब्दांत आपण एक पायरी मानली आहे. काम करणारा अजून राबतो आहे आणि नोकरी करणारा सुटला, असा त्या पायरीचा अर्थ आहे.

ही पायरी कोठून आली, आणि माणसाला समाधान हाताच्या कामात मिळते की टेबलावरच्या, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. मी कला शाखेचा पदवीधर असून पंधरा वर्षांहून अधिक काळ बँकेत लिपिक आहे. एका बाजूची माहिती मला रोजच्या अनुभवाने आहे. दुसऱ्या बाजूची माहिती वडिलांकडून, काउंटरपलीकडे उभ्या राहणाऱ्या कारागिरांकडून आणि थोडीफार स्वतःच्या हातांनी मिळवलेली आहे. विद्यार्थी मित्रांनी सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा प्रश्न इतरांच्या घरी ज्या रीतीने विचारला जातो, त्या रीतीने आपल्याला तो विचारता येत नाही.

अमेरिकेत २००९ साली मॅथ्यू क्रॉफर्ड या लेखकाचे हाताच्या कामाचे मोल सांगणारे एक पुस्तक बरेच गाजले. हे गृहस्थ राजकीय तत्त्वज्ञानातील पीएच.डी. आहेत. विचारवंतांच्या संस्थेतील नोकरी सोडून त्यांनी मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान काढले. बिघडलेले इंजिन सुरू झाले की नाही, यात कोणाच्या मताचा वा मर्जीचा प्रश्न राहत नाही आणि म्हणून त्या कामात खरेपणा आहे, असा त्यांच्या सांगण्याचा रोख आहे. विचार पटण्यासारखा आहे. परंतु शिकागो विद्यापीठाची पदवी खिशात ठेवून हाताला ग्रीस लावणे वेगळे आणि बापाने ओढली म्हणून मुलानेही मेलेली गुरे ओढणे वेगळे. पहिल्याला नको वाटले तर परत फिरता येते. दुसऱ्याला परतीची वाटच नव्हती.

सक्तीचे श्रम

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आलेली कामे आठवून पाहा. गावचा निरोप पोहोचवणे, सरकारी अंमलदारांचे ओझे वाहणे, येसकरपाळी, तराळकी, सरणाची लाकडे नेणे, मेलेली जनावरे गावाबाहेर ओढणे. ही सारी हातापायांचीच कामे होती. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि मोबदला कामावर ठरत नसून गावाच्या मर्जीवर ठरत असे. वतन हा शब्द कानाला मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो पिढ्यान्‌पिढ्या वेठीला धरण्याचा दोर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. गावकामगार कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. म्हणजे मधे तीस वर्षे गेली आणि तो दिवस पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

१९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि तेथे करता न आलेल्या भाषणात बाबासाहेबांनी या प्रश्नाचे मूळ दाखवून दिले आहे. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी होय, असे तिचे समर्थक सांगत. बाबासाहेबांनी दाखवले की ती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. त्यांचा पुढचा मुद्दा आपल्या विषयाशी थेट जोडलेला असल्यामुळे विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा. माणसाचा कल वा आवड न पाहता जन्माने धंदा ठरवला की त्या धंद्यात त्याचे मन राहत नाही, त्यातून सुटण्याचीच त्याला ओढ लागते, आणि जेथे मन नाही तेथे कामही चांगले होत नाही, असे ते सांगतात. हे भाषण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचेही आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो.

दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे हा गांधीजींचा विचार तेथे पुढे आला. मुलाने हाताने काही घडवावे, यात गैर काहीच नाही. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काढलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र जेवत आणि एकत्र श्रम करीत. तेथे कुदळ सर्वांच्याच मुलांच्या हाती येत होती, त्यामुळे ती कोणाची ओळख ठरत नव्हती. अडचण होते ती भंग्याला तुझे काम थोर आहे, ते सोडू नकोस असे सांगितले जाते तेव्हा. बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात या उपदेशाची कठोर चिकित्सा केली आहे. ज्याच्यावर काम लादले आहे त्यालाच त्या कामाची थोरवी सांगणे म्हणजे त्याची थट्टा होय, अशी त्यांची भूमिका होती. यंत्राने माणसाचे कष्ट कमी व्हावेत आणि माणसाला माणूस म्हणून वाढण्यासाठी फुरसत मिळावी, हे त्यांनी त्याच ठिकाणी ठामपणे मांडले.

एवढी पार्श्वभूमी डोळ्यांसमोर असली की आपली आई-वडील पिढी 'पोरा, हात काळे करू नकोस' असे का म्हणत आली, ते समजते. तो आळसाचा उपदेश नव्हता.

धोटा आणि सूत

तथापि, गोष्ट येथे संपत नाही. जातीने आपल्या हातून लेखणी हिरावून घेतली हे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. तिने चांगली अवजारेही हिरावून घेतली, हे फारसे सांगितले जात नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो अस्पृश्य कामगार होते. पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कारण असे की धोट्यातील बॉबिन बदलताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याला वापरावा लागणार आणि त्यात अस्पृश्याची थुंकी लागणार, म्हणून सवर्ण विणकर त्याला शेजारच्या मागावर उभा राहू देत नसत. विणकाम खाते हे कसबाचे आणि जास्त मजुरीचे खाते होते. अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. कामगारांची एकजूट हवी असेल तर विणकाम खात्याचे दार सर्वांना उघडले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते.

यातली विसंगती पाहण्यासारखी आहे. विदर्भात महार समाजातील कितीतरी कुटुंबे हातमागावर जाडेभरडे कापड विणत आली होती. माग, ताणा, बाणा हे शब्द त्यांच्या घरातले. म्हणजे नागपूरकडच्या घरात जे कसब पिढीजात होते, तेच कसब मुंबईच्या गिरणीत त्याच समाजाच्या माणसाला वर्ज्य होते. कामाच्या उच्चनीचतेशी याचा काहीही संबंध नव्हता. मजुरी आणि प्रतिष्ठा जेथे जास्त, तेथे दार बंद, एवढाच नियम दिसतो.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते स्वीकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन त्यांनी व्हाइसरॉयला सादर केले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची आणि परदेशातील उच्च शिक्षणासाठी मदतीची मागणी आहे, हे पुष्कळांना माहीत असते. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी त्यात आहे. एका हाताने परदेशाची वाट उघडणारा हा महापुरुष दुसऱ्या हाताने छापखान्याचे आणि रेल्वेच्या वर्कशॉपचे दार ठोठावत होता. 'बाबासाहेबांनी साहेब व्हायला सांगितले' असे सांगून आय.टी.आय.च्या मुलाला हिणवणाऱ्यांनी हे निवेदन जरूर वाचावे.

धम्मातील कसब

धम्माच्या अंगाने पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर अधिक सरळ आहे. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा आहे. आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन लावणारी, पैसा बाळगणारी माणसे. आम्हाला झेपेल असा उपदेश करावा, अशी त्याने विनंती केली. तथागतांनी सांगितलेल्या चार गोष्टींपैकी पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे उद्योगशीलता. ती समजावताना त्यांनी उपजीविकेची नावे घेतली : शेती, व्यापार, गोपालन, धनुर्विद्या, राजसेवा किंवा इतर कोणतेही शिल्प. राजसेवा म्हणजे आजची सरकारी नोकरी. ती शेती आणि शिल्प यांच्या रांगेत, त्यांच्याच बरोबरीने बसवलेली आहे. अपेक्षा एकच, की माणसाने जे काम धरले त्यात दक्ष असावे, आळस करू नये आणि काम कसे पार पाडावे याचा विचार स्वतः करावा.

आपण विहारात मंगल सुत्त म्हणतो. त्यात बहुश्रुत असणे आणि शिल्प अवगत असणे ही दोन मंगले एकाच गाथेत शेजारी शेजारी आली आहेत. आपण ती गाथा तोंडपाठ म्हणतो आणि घरी येऊन पहिल्या मंगलाचा सत्कार व दुसऱ्याची हेटाळणी करतो. त्याज्य धंद्यांची यादीही तथागतांनी दिली आहे : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार. इतरांना अपाय होतो म्हणून ते त्याज्य आहेत. हाताला माती लागते म्हणून कोणताही धंदा त्या यादीत गेलेला नाही.

आणखी एक दाखला तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी मुद्दाम देतो. सतिपट्ठान सुत्तात श्वासावर लक्ष कसे ठेवावे हे सांगताना तथागतांनी भमकाराची उपमा दिली आहे. भमकार म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, आजच्या भाषेत टर्नर. कुशल भमकार लांब फेरा घेताना लांब फेरा घेतो आहे हे जाणतो, आखूड फेरा घेताना आखूड घेतो आहे हे जाणतो. तसाच साधकाने श्वास जाणावा. ध्यानासारखी सूक्ष्म गोष्ट समजावण्यासाठी तथागतांना कातकाम करणारा माणूस आठवला. कामात पूर्ण लक्ष असणे म्हणजे काय, हे त्याच्या हाताकडे पाहून कळते, हे त्यांनी स्वतः पाहिले असले पाहिजे.

खुर्चीने काय दिले

आता खुर्चीची बाजू. ती कमी लेखून हा लेख पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९८० साली आणखी सहा बँकांचे. त्यानंतर आरक्षणामुळे आपल्या समाजातील पहिली मुले बँकेच्या काउंटरमागे बसली. ज्या सावकाराच्या ओट्याखाली आजोबा उभे राहिले, त्याच्या नातवाला आपल्या मुलाने टोकन देऊन थांबायला सांगितले. या घटनेचे मोल पगारात मोजता येत नाही. ठरलेल्या तारखेला पगार, आजारपणाची रजा, मुलांच्या शाळेची फी वेळेवर भरण्याची ऐपत आणि म्हातारपणाची सोय एवढे एका पिढीला मिळाले की पुढच्या पिढीत डॉक्टर आणि प्राध्यापक होतात. आपल्या मंडळाचे संस्थापक सभासद बहुतेक नोकरदारच होते. त्यांच्या वर्गणीवर हे सभागृह उभे राहिले.

परंतु ती खुर्ची आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. पुढे संगणकाने शाखा एकमेकींना जोडल्या. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. २०११ पासून लिपिकांची भरती सामाईक परीक्षेने होते, आणि अलीकडच्या जाहिरातींत तर 'लिपिक' हा शब्दही जाऊन 'ग्राहक सेवा सहयोगी' असे भारदस्त नाव आले आहे. नाव वाढले तरी लेजर लिहिण्याचे, बेरजा जुळवण्याचे, सही ओळखण्याचे जे कसब जुन्या लिपिकाकडे होते, ते यंत्राकडे गेले. पूर्वीचा लिपिक पन्नास खातेदारांच्या सह्या डोळे मिटून ओळखत असे. आता पडद्यावर सही उमटते आणि आम्ही ती पडताळून पाहतो. विमा पॉलिसी किती विकल्या, हा प्रश्न मात्र रोज संध्याकाळी विचारला जातो.

असे असूनही आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत रोज मुले बसलेली असतात. बाविसाव्या वर्षी बसायला लागलेला मुलगा कधी कधी तिशीपर्यंत तेथेच दिसतो. त्यातल्या काहींची निवड होते आणि आपण पेढे वाटतो. ज्यांची होत नाही त्यांच्याविषयी आपण काही बोलत नाही. त्या आठ वर्षांत हाताला एखादे कसब लागले असते, तर परीक्षा देण्याला कोणाची आडकाठी नव्हतीच.

समाधान कशात असते

माझे वडील एका कारखान्यात फिटर होते. लग्नाच्या मांडवात बसले असता जनरेटरचा आवाज ऐकून 'बेअरिंग गेलंय, तासाभरात बंद पडेल' असे ते सांगत आणि तसेच होई. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे, ते मला कॅश जुळल्यावर आरशात कधी दिसलेले नाही. तरीही त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. त्याचे कारण एकदा त्यांच्याच तोंडून कळले. फिटरचे सर्व काम येत असताना सात वर्षे त्यांना हेल्पर म्हणूनच ठेवले गेले होते. त्यांच्या मागून आलेले, त्यांच्याकडूनच शिकलेले दोघे आधी फिटर झाले. कामाने त्यांना कधी दुखावले नव्हते. त्या कामावर असलेल्या माणसांनी दुखावले होते. मुलाला कामापासून दूर ठेवताना ते त्या माणसांपासून दूर ठेवत होते, असे मला वाटते.

टेबलावरच्या कामात समाधान नसते असे कोणी समजू नये. दिवसअखेर रोकड रुपयापर्यंत जुळली की मान हलकी होते. अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नाही म्हणून दोनदा परत गेलेल्या निराधार योजनेतील आजींचे पैसे तिसऱ्या दिवशी हातात पडले, तर तो दिवस कारणी लागला असे वाटते. मात्र हे समाधान दुसऱ्या दिवशी उरत नाही. कालची जुळलेली रोकड आज कोणाला दाखवता येत नाही. फाईल पुढच्या टेबलावर गेली की तिचे काय झाले, ते पुष्कळदा कळतही नाही.

मंडळाच्या वाचनालयासाठी मागच्या वर्षी लाकडी कपाट करावयाचे ठरले. आपलेच एक सुतार सभासद ते करीत होते आणि रविवारी मी त्यांच्या हाताखाली जात असे. रंधा मारताना एकच गोष्ट लक्षात आली. फळी वाकडी राहिली तर ते कोणी सांगावे लागत नाही. गुण्या लावला की उजेड दिसतो. वरिष्ठांचा शेरा नको, गोपनीय अहवाल नको. चूक तिथेच दिसते आणि तिथेच दुरुस्त होते. कपाट आज सभागृहात उभे आहे, त्याचे दार नीट बंद होते, आणि ते पाहताना बरे वाटते. पण माझ्या या आनंदाला फार किंमत देण्याचे कारण नाही. माझा पगार महिनाअखेरीस खात्यात जमा होतो, म्हणून मला रंधा गोड लागतो. ज्याची चूल रंध्यावर पेटते त्याला विचारले पाहिजे.

म्हणून आमच्याच गल्लीतील एका वायरमनला मी विचारले. आय.टी.आय. करून त्याला बारा-तेरा वर्षे झाली आहेत. तो म्हणाला, "काम आवडतं दादा. दोन दिवस अंधारात असलेल्या घरात लाईट आली की पोरं ओरडतात, तेव्हा भारी वाटतं. पण तीच माणसं पैशाच्या वेळी पुढच्या आठवड्यात ये म्हणतात. आणि काही घरांत आधी आडनाव विचारतात, मग बोर्ड दाखवतात." थोडे थांबून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, "पहिल्यांदा स्वतःचा परवाना हातात आला ना, त्या दिवशी वाटलं आता मला कोणी हेल्पर म्हणू शकत नाही."

वडिलांची सात वर्षे आणि या मुलाचा परवाना शेजारी ठेवून पाहिले की समाधानाचा शोध कोठे घ्यावा ते कळू लागते. काम हाताचे आहे की टेबलाचे, या प्रश्नाआधी दुसरे प्रश्न येतात. हे काम मी निवडले की माझ्यावर आले? त्यात शिकण्यासारखे काही आहे काय, आणि शिकलो तर माझे स्थान बदलते काय? दाम ठरलेला असतो काय आणि वेळेवर मिळतो काय? उद्या नको वाटले तर सोडता येते काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर गवंड्याच्या ओळंब्यातही समाधान आहे, आणि नकारार्थी असतील तर वातानुकूलित केबिनमध्येही नाही.

शरीराचा प्रश्न यात मी मुद्दाम धरला नव्हता, कारण तो वेगळा मांडला पाहिजे. गवंड्याची कंबर आणि फरशी बसवणाऱ्याचे गुडघे पन्नाशीला उत्तर देतात. लिपिकाची मानही दुखते, पण मान दुखली म्हणून त्याचा पगार थांबत नाही. हाताच्या कामाचे गोडवे गाणारे लेखक हा भाग बहुधा गाळतात. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्रीय कायदा झाला आणि महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या, मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला तेथे नोंदणी करता येते. आपल्या वस्तीतील किती गवंड्यांची नोंदणी झाली आहे, याची साधी यादीही आपल्याकडे नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेचे अर्ज माझ्याही टेबलावर येतात. अठरा व्यवसायांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. सुतार, गवंडी, शिंपी यांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. मात्र कुटुंबात चालत आलेला पारंपरिक व्यवसाय ही जी कल्पना त्या योजनेच्या मुळाशी आहे, तिच्याशी आपले जमत नाही. ज्यांच्या परंपरेत वेठ होती त्यांनी परंपरेचे काय करायचे? आपल्या मुलाने सुतारकी घ्यावी ती त्याला लाकूड आवडते म्हणून घ्यावी. वायरमन आणि प्लंबर तर त्या अठरांत नाहीतच. त्यांनी मुद्रा कर्जाची चौकशी करावी.

आणि एक काम असे आहे की त्यात समाधान शोधा, असे कोणीही कोणाला सांगू नये. गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्याचे काम. १९९३ साली एक कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरी मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. श्रमप्रतिष्ठेवरील भाषणे येथे गैरलागू आहेत. येथे यंत्र हवे, आणि तेच १९४५ साली सांगितले गेले होते.

मंडळापुढील विषय

आपले मंडळ दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा आणि नव्याने नोकरीस लागलेल्यांचा सत्कार करते. त्या यादीत आय.टी.आय. उत्तीर्ण झालेल्याचे नाव माझ्या पाहण्यात आजवर आलेले नाही. देशात आय.टी.आय. ची योजना १९५० साली सुरू झाली आणि शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ साली झाला. म्हणजे बाबासाहेबांनी १९४२ साली जे दार ठोठावले ते केव्हाच उघडले आहे. आपण मात्र त्या दारातून बाहेर पडलेल्या मुलाला नारळ द्यायलाही संकोचतो.

यासंबंधी तीन गोष्टी मी कार्यकारिणीला लेखी कळवल्या आहेत. पुढील वर्षीच्या सत्काराच्या यादीत टर्नर, फिटर, वायरमन, वेल्डर अशा परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींची नावे गुणवंतांच्या बरोबरीने वाचली जावीत, शेवटी घाईघाईने नव्हे. शिष्यवृत्ती निधीतील काही भाग पुस्तकांऐवजी पहिल्या अवजारसंचासाठी राखावा, कारण आय.टी.आय. झालेल्या मुलाचे पहिले सहा महिने दुसऱ्याच्या अवजारांवर जातात आणि तोवर तो हेल्परच राहतो. तिसरी गोष्ट वाचनालयाच्या कपाटाशेजारी दुसरे कपाट ठेवण्याची. त्यात ड्रिल मशीन, मल्टिमीटर, क्रिम्पिंगची पक्कड, पाईप कापण्याचे कटर आणि एक घडीची शिडी असावी, आणि पुस्तके जशी आठवड्यासाठी नेता येतात तशी ती सभासदांना नेता यावीत. एक निवृत्त फिटर सभासद रविवारी सकाळी दहा ते बारा बसण्यास तयार आहेत. सुतार सभासदांनी कपाटाचे माप घेऊन ठेवले आहे. कोणी काय नेले आणि केव्हा परत केले, याची नोंदवही मी ठेवीन. तेवढे काम मला येते.